हालवोरची लाकडं

"आतला पंखा या भिंतीवर, बाहेरचा डबा तिकडे अंगणात," टेप लावून मोजता मोजता इंग्विल म्हणाली. हीट पंप बसवणारी ही पोरगी भलतीच उत्साही. जराशा विजेत सगळं घर ऊबदार राहील, राख नाही, धूर नाही, असं ती सिग्नेबाईंना पुन्हा पुन्हा समजावत होती.

सिग्नेबाईंना ते केव्हाच पटलं होतं. रात्री उठून शेगडीत लाकडं सारायची म्हणजे गुडघे नको म्हणायचे. पंप घे म्हणून बर्गन शहरात राहणारी लेक फोनवर जीव खायची, ते वेगळंच. तरी बाईंचं मन होईना. कारण साधंच होतं, पण ते बोलायचं कुणाजवळ? पंप आला की लाकडं बंद, आणि लाकडं बंद झाली की हालवोर बंद.

हालवोर म्हणजे शेजारचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या नॉर्वेतल्या या खोऱ्यात काम असल्याशिवाय कुणी कुणाच्या दारात जात नाही. उगाच गेलंच, तर घरातले घाबरून विचारतात, कोण आजारी आहे का म्हणून. हालवोरना मात्र रोज काम असायचं. फोडलेली बर्चची लाकडं हातगाडीवर घालून ते सकाळी हजर. शेगडी पेटवायची, मग कॉफी आणि वॉफल पुढ्यात घेऊन साऱ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या. पंपवाल्यांवर तर त्यांचा विशेष राग. फ्रीज उलटा लावून शेकत बसतात लेकाचे, म्हणायचे. सिग्नेबाई पोट धरून हसायच्या. ती सकाळ गेली तर आपल्या दिवसात उरतं काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि आज गाडी ढकलत हालवोर आले ते नेमके इंग्विलच्या समोर. आता यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या शब्द जुळवत होत्या, तेवढ्यात इंग्विल दारातूनच ओरडली, "काय हालवोर, मी बसवलेला पंप बरा चाललाय ना? का बाहेरचा डबा अजून लाकडांच्या थप्पीमागे लपवूनच ठेवलाय?"

गाडी जागच्या जागी थांबली. हालवोरचे कान लालबुंद झाले. आपण काहीतरी घोळ घातला हे इंग्विलच्या लक्षात आलं, पण बोलून तर बसली होती.

"कधीपासून?" सिग्नेबाईंनी विचारलं.

"झाले तीन हिवाळे."

"मग ही एवढी लाकडं कुणासाठी फोडतोस?"

हालवोर आपल्या बुटांकडे बघत राहिले. "रिकाम्या हाताने कसा येणार होतो गं तुझ्याकडे?"

सिग्नेबाईंना आधी रागच आला. तीन हिवाळे हा माणूस ऊबदार घरातून उठून, थंडीत कुऱ्हाड चालवून, वर पंपवाल्यांना शिव्या घालत होता. मग इतका आनंद झाला, आणि तो लपवायला त्यांच्याकडे पदरही नव्हता. त्यांनी सरळ खुर्ची ओढली आणि हालवोरना बसवलं.

"मुली, गुंडाळ ती टेप," त्या इंग्विलला म्हणाल्या. "याच्या घरातला पंप दोघांना पुरेल का, तेवढं फक्त सांग."