सोयरिकीआधीची पायपीट

पोरगा पुन्हा थांबला. काकासाहेबांनी झटकन कॅमेरा डोळ्याला लावला आणि समोरच्या कौलांचा फोटो काढल्यासारखं केलं.

वाटूरहून थेट कोचीला ते काही कौलं बघायला आले नव्हते. त्यांच्या लेकीला, तृप्तीला, मंठ्याच्या आदिनाथचं स्थळ आलं होतं. पोरगा या जुन्या बंदराच्या शहरात नोकरीला. सोयरीक ठरण्याआधी मुलाची गुपचूप चौकशी करायची, ही तर रीतच. पण दुसऱ्याच्या सांगण्यावर काकासाहेबांचा काडीचा भरवसा नव्हता. गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या बबलूचा कॅमेरा मागून आणला, गळ्यात अडकवला, आणि रविवारी सकाळीच आदिनाथच्या खोलीबाहेर पाळत ठेवली. दोघांची कधी गाठ पडली नव्हती, म्हणून ते बिनघोर होते.

आणि खरं सांगायचं तर त्यांना मजाच येत होती! मसाल्याच्या गोदामांतून सुंठीचा वास दरवळत होता. पाण्यावर भलीमोठी जाळी खालीवर होत होती. टपरीवर पोरानं नुसता चहा घेतला, काढला फोटो. दारूच्या दुकानावरून मान न वळवता गेला; काढला फोटो.

पण चाल बघा! दर पन्नास पावलांवर मुक्काम. कधी बुटाची नाडी बांध, कधी कठड्याला टेकून समुद्र बघ. हात्तिच्या!

दुपारी एका झाडाखाली बसून त्यांनी घरी बायकोला फोन लावला.

"पोरगं निर्व्यसनी हाये, बिलकुल बराबर," ते द्वारकाबाईंना म्हणाले, "पण लई आळशी! तरणाताठा गडी, अन् मी लंगडत त्याच्या मागं आरामात चालून राह्यलो."

"मंग?"

"मंग काय! असल्या ऐद्याला आपली पोरगी द्यायची न्हाई. उद्याच नकार कळवतो."

"अवं, तिच्या मनात भरलाय तो," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

काकासाहेबांना वाईट वाटलं. पण पोरीच्या जन्माचा प्रश्न होता. त्यांनी मन घट्ट करून फोन ठेवला.

वर बघतात तर समोर आदिनाथ उभा, हातात पाण्याची बाटली. तो वाकून पाया पडला.

"तुम्ही... वळखता मला?" काकासाहेब चाचरले.

"तृप्तीच्या बायोडाट्यासंगं तुमच्या घरच्यांचा फोटो आल्ता ना, मामा. सकाळीच वळखलं. म्हणलं, चौकशी करून राह्यलेत तर करू द्यावी. पण तुमचा गुडघा दुखताना दिसला, म्हणून मंग दिवसभर थांबत थांबतच चाललो."