वायर सोलायची खोड

हयातभर दातांनीच वायर सोलत आलेले वायरमनकाका आज त्यासाठी स्ट्रिपर मागू लागले, तेव्हा दुकानदाराला हसू आवरेना.

"काय काका, दातांनी राजीनामा दिला का?"

"सगळे शाबूत आहेत. तू स्वस्तातला दाखव." काकांनी समोर आलेले दोन्ही स्ट्रिपर वायरीच्या तुकड्यावर चालवून पाहिले आणि आतल्या तांब्याला ओरखडा न पाडणारा बाजूला ठेवला.

"काकू होत्या तोवर कानीकपाळी ओरडायच्या, दातांनी सोलू नका म्हणून. तेव्हा नाही ऐकलंत ते."

काका स्ट्रिपरची उगाच उघडझाप करत राहिले.



"ती ओरडावी म्हणून तर सोलायचो रे. आता वायर दातात धरली, तरी घर गप्पच बसतं."