साहेबांचे उच्चार

हॅलम साहेब विलायतेत यारकंदी बोलीचे मोठे पंडित मानले जात. ते नऊ वर्षांनी मध्य आशियातल्या यारकंदला परतले, आणि ज्या घरी राहून ही बोली शिकले होते, तिथंच आयनिसाच्या ओसरीवर चहाला बसले.

"आयनिसा आपा, जलदाळू फाल गोड आहेत!"

शेजारीपाजारी पोट धरून हसले. "अहो साहेब, एवढी पुस्तकं लिहिलीत आणि बोलता बोबडं? गुरू तरी कोण तुमचा?"

"हिची लेक गुलसुम! चाल वल्षांची होती. हिवाळाभल तीच तल बोलायची माझ्याशी. आता केवढी झाली असेल!"

हसणं एकदम थांबलं. साहेब गेले त्याच उन्हाळ्यात गुलसुम देवीच्या साथीत गेली होती. ते सांगायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून म्हातारे यूनुस म्हणाले, "साहेब, जीभ जरा वर लावा. म्हणा, जर्दाळू..."

"नका हो काका," आयनिसा घाईघाईनं म्हणाली. "त्यांना काही शिकवू नका."

 

मग ती साहेबांच्या अगदी समोर येऊन बसली आणि तिनं डोळे मिटले. "साहेब, एकदा 'आई, भाकर दे' म्हणा ना."