खांद्यावरचं फडकं

"हातमोजे घातलेत की! आणखी किती स्वच्छ राहायचं?" भेळवाल्या हौसाबाईंनी स्वच्छता-प्रशिक्षणाच्या मॅडमपुढे बशी ठेवत ठसक्यात विचारलं.

मॅडमनी प्रयोगासाठी मघाशीच हौसाबाईंच्या खांद्यावरच्या फडक्याला डोळ्यांना न दिसणारी पावडर लावली होती. आता दिवे घालवून निळा टॉर्च लावताच बशी, चमचा, हातमोजे, जिथं जिथं फडकं फिरलं होतं ते सगळं चमकायला लागलं.

हौसाबाई हसल्या. "अहो, आजवर एकाही गिऱ्हाइकाचं पोट दुखलं नाही!"

टॉर्च सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या नातीकडे वळला. पोरीचे ओठ लख्ख चमकत होते.

मघाशी तिची लाळ हौसाबाईंनीच त्याच फडक्यानं मायेनं पुसली होती. त्यांना दरदरून घाम फुटला. तो टिपायला हात सवयीनं खांद्याकडे गेला, आणि फडक्यापाशी पोचता पोचता थिजला.