खिडक्या लावून म्हणायचं गाणं

सन २०२३. सव्वीस जानेवारीची सकाळ. मोशीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये सोनूचं नाव पुकारलं गेलं आणि ती पाच वर्षांची पोर माईककडे न जाता थेट खिडक्यांकडे गेली. टाचा उंचावून तिनं पहिली काच ओढून घेतली. मग दुसरी. तिसरी जरा अडली, तेव्हा तिनं दोन्ही हात लावले.

झेंडावंदनानंतर मुलांचा कार्यक्रम होता. आपल्या घरी ऐकतात त्यातलं एक गाणं प्रत्येकानं म्हणायचं होतं.

"अगं ए चिमणे, गाणं हिकडं म्हणायचंय," सोसायटीचे अध्यक्ष उद्धवराव माईकवरून म्हणाले. "थंडी वाजती व्हय?"

"थंडी नाही," सोनू म्हणाली. "मी आजीचं गाणं म्हणणारे. ते खिडक्या लावून म्हणतात."

हॉल खो खो हसला. तिसऱ्या रांगेतली तिची आजी कस्तुरा मात्र हसली नाही. शेजारी बसलेला कस्तुराचा मुलगा, सोनूचा बाप बुद्धरत्न मोबाइलमध्ये बघू लागला. मोबाइल बंद होता.

त्यांच्या घरी रविवारचा एक नेम होता. सून नेहानं तो घालून दिला होता. नाश्ता झाला की प्रत्येकानं आपलं आवडतं गाणं सगळ्यांना ऐकवायचं. आपल्या माणसांना काय आवडतं ते पोरांना कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. नेहा परभणीला वडिलांबरोबर रेडिओवर ऐकलेली गाणी लावायची. बुद्धरत्न कॉलेजातली हिंदी गाणी. सोनूच्या नऊ वर्षांच्या भावाचं, विक्कीचं, रॅप लागलं की मांडणीवरची ताटं वाजायची. तोवर घर उघडं असायचं. शेवटी आजीची पाळी. तिचं गाणं कुठल्याच मोबाइलमध्ये नव्हतं. ते तिच्या दिवंगत नवऱ्यानं, किसननं, रचलेलं होतं. लोखंड ओतायच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला की तो पोरांना मांडीवर घेऊन ते म्हणायचा; पोरं त्याला दादा म्हणत. बाबासाहेबांनी दिलेली पाटी हातातून सोडू नको, असं एका मुलीला सांगणारं गाणं. कस्तुरानं मांडीवर ठेका धरला की बुद्धरत्न उठायचा, आणि धूळ येते म्हणत काच ओढून घ्यायचा. तीन वर्षं ती हे बघत होती. मुलाचं घर, मुलाची सोसायटी, म्हणून गिळत होती.

सोनूनं माईकसमोर येऊन पहिली ओळ म्हटली. ओळीत बाबासाहेबांचं नाव होतं. हसणारा हॉल गप्प झाला. तो गप्पपणा कस्तुराच्या ओळखीचा होता.

उद्धवराव गोड हसले. "छान हाय. पण बाळा, आज सगळ्यांचा कार्यक्रम हाय ना? सगळ्यांना चालंल असं म्हण. शाळंत शिकवलं असंल की काहीतरी."

कस्तुरा उभी राहिली.

"उद्धवराव, तुमच्या पुढ्यात टेबलावर कुणाचा फोटो हाय? हार तुमीच घातला ना मघाशी? फोटो चालतो आन् नाव चालत न्हाई?"

"तसं न्हाई मावशी, उगं विषय वाढवू नका..."

"आई, बस ना," बुद्धरत्न तिचा पदर ओढत कुजबुजला. "घरी म्हणू आपण."

"घरी तरी कुठं मोकळं म्हणू देतोस?" इतक्या दिवसांचं गिळलेलं वर आलं. "आईच्या गाण्याची लाज वाटती ना तुला?"

बुद्धरत्ननं मान वर केली. डोळे भरले होते.

"लाज नाही, आई. भोसरीच्या खोलीत दादा गायला लागले की तू उठून खिडकी लावायचीस. मला वाटायचं, गाणं असंच सुरू होतं."

कस्तुराला ती खोली दिसली. त्याच्याही आधीची खोली दिसली, जिथून घरमालकानं या गाण्यापायी भर उन्हात त्यांची भांडी रस्त्यावर काढून ठेवली होती. बुद्धरत्न तेव्हा दीड वर्षाचा. त्यानंतर नव्या खोलीत किसननं तोंड उघडलं की तिचा हात आधी खिडकीच्या कडीवर जायचा. "कस्तुरा, जीव गुदमरतो गं," किसन म्हणायचा. तिनं ऐकलं नव्हतं. तो आवाज खाली आणायचा, अगदी पोरांच्या कानापुरता.

ती रांगेतून बाहेर आली. सोनूनं लावलेली एकेक काच तिनं ताणून उघडली. रस्त्यावरची बस, हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, सगळं आत आलं.

"म्हण गं सोनू. पार रस्त्यापतुर जाऊ दे."

उद्धवरावांनी खूण केली आणि माईक बंद झाला. सोनूनं बंद माईकसमोर गाणं उचललं. विक्कीनं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला नेहाही साथीला आली. तिसरं कडवं पोरीला येत नव्हतं, आजीही ते विसरून गेली होती. ते बुद्धरत्ननं उभं राहून एकट्यानं म्हटलं.

उद्धवराव अजून अध्यक्ष आहेत. पुढच्या वर्षी त्यांनी मुलांची गाणी आधी लिहून मागवली. सोनूनं तेच गाणं लिहून दिलं आणि तेच म्हटलं. काही घरं बुद्धरत्नशी बोलेनाशी झाली, काही नव्यानं बोलू लागली. निघोज्याच्या कंपनीत तो आता सुपरवायझर आहे आणि गाडीतही ते गाणं गुणगुणतो. विक्की ढोलकी शिकतोय. नेहानं गाण्याची तिन्ही कडवी वहीत उतरवून घेतली.

कस्तुरा चौऱ्याहत्तरची आहे. रविवारी तिची पाळी आली की ती गॅलरीत जाऊन उभी राहते.

"आई, एवढ्या मोठ्यानं कशाला? घरात ऐकू येतं की," नेहानं एकदा हसून विचारलं.

"तुमच्यासाठी न्हाई गं," कस्तुरा म्हणाली. "ह्यांनी आपलं गाणं मोकळ्या आवाजात कधी ऐकलंच न्हाई." आणि तिनं पुढचं कडवं आणखी वरच्या पट्टीत उचललं.