डीमध्ये ठेवलेलं

"विंडोज गेलं एकदाचं," देवदत्त म्हणाला.

पद्मजा दारात चपला काढत होती. घाटकोपरला गिऱ्हाइकाकडे जाऊन ती आत्ताच मुलुंडला घरी पोचली होती. ब्लाउजपीसांची पिशवी अजून खांद्यावरच होती.

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे आता आपल्या कॉम्प्युटरवर लिनक्स. फुकट, मोकळं, कुणाच्या बापाची मालकी नाही. लोक मेंढरांसारखे एकाच कंपनीच्या मागे चालतात. आपण सुटलो."

बँकेला सुट्टी असली की देवदत्तला काहीतरी खूळ लागायचंच. आधी बोन्साय झाली, मग मत्स्यालय. मासे मेले, त्याचा दोषही त्याने मासे विकणाऱ्यालाच दिला. हल्ली यूट्यूबवर कुणाकुणाची व्याख्यानं ऐकून तो विंडोज वापरणाऱ्या समस्त जगाची कीव करायचा. शेजारच्या नानांना त्याने लिफ्टमध्ये गाठून लिनक्सचे फायदे सांगितले, तेव्हा नाना हो हो म्हणत भलत्याच मजल्यावर उतरून गेले होते.

पद्मजाने पिशवी खाली ठेवली आणि स्क्रीनकडे पाहिलं. तिथे कुठलातरी बर्फाचा डोंगर होता. तिचं काहीच नव्हतं.

"माझी डिझाइनं कुठायत?"

"बॅकअप घेतलाय ना. फोटो, गाणी, माझे टॅक्सचे कागद, सगळं पेनड्राइव्हवर आहे."

"माझी डिझाइनं डीमध्ये होती."

मुंबईत कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस डिस्कचे दोन भाग करतो, सी आणि डी, आणि जाताना बजावून जातो की आपलं जे काही असेल ते डीमध्ये ठेवा, सी उडालं तरी डी राहतं. पद्मजाने ते देववाक्य मानलं होतं. लग्नाच्या ब्लाउजांवर ती मशीनने भरतकाम करून देते. त्याच्या आधी पंचिंग करावं लागतं, म्हणजे कुठला टाका कुठून कुठे जाणार ते कॉम्प्युटरवर बसून आखायचं. एका मोरात अख्खा दिवस जातो. आठ वर्षांचे मोर, कोयऱ्या आणि कमळं डीमध्ये होती. घाटकोपरच्या नवरीचा मोरसुद्धा तिथेच होता. तिच्या ब्लाउजची एक बाही भरून झाली होती, दुसरी व्हायची होती, आणि लग्न शनिवारी होतं.

देवदत्त हसला. अडाण्यावर दया केल्यासारखा.

"अगं, लिनक्समध्ये सी-डी असलं काही नसतंच. ती सगळी विंडोजची खुळं. मी सरळ अख्खी डिस्क पुसून टाकली. स्वच्छ सुरुवात."

"आत काय आहे ते आधी बघितलं नाहीस?"

"बघितलं ना. तुझ्या फोल्डरमधल्या फाइली कशातच उघडेनात. मला वाटलं, कचरा असेल."

पद्मजाला राग आलाच, पण त्याहून जास्त किळस आली. आठ वर्षं हा माणूस त्या मशीनच्या खडखडाटाशेजारी बसून चहा पीत होता. ती काय करते, हे त्याने एकदाही वाकून पाहिलं नव्हतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, आणि वर म्हणे आपण सुटलो.

"असं बघू नकोस माझ्याकडे," तो म्हणाला. "पुसलं म्हणजे गेलं, असं नसतं. पण तुम्हा लोकांना हे ठाऊकच नसतं." त्याने खुर्ची वळवली आणि व्याख्यान सुरू केलं. "जुना डेटा डिस्कवर तसाच पडून असतो. त्याच्या डोक्यावर नवीन काही लिहिलं जात नाही, तोवर तो परत काढता येतो. रिकव्हरीवाले काढून देतात. अट एकच, कॉम्प्युटर ताबडतोब बंद करायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. साधं लॉजिक आहे."

पद्मजा त्याच्या खांद्यावरून बघत होती. डोंगराच्या पायथ्याशी एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

"हे काय चाललंय?"

"अपडेट. नव्या सिस्टिमला सुरुवातीला बरंच काही उतरवून घ्यावं लागतं."

"कुठे उतरतंय ते?"

"कुठे म्हणजे काय, डिस्कव..." तो थांबला.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे पद्मजाने शाळेत पाठ केलं होतं. आज ते नवऱ्याच्या तोंडावर लिहिलेलं दिसलं.

"केव्हापासून चालू आहे?"

"जेवण झाल्यावर लावलं."

ती टेबलाखाली वाकली. स्विचबोर्ड तिथेच होता. बटणापाशी बोट पोचणार इतक्यात देवदत्तने तिचं मनगट धरलं.

"अगं थांब, थांब. मध्येच बंद केलं तर सिस्टिम बसेल. सकाळपासून खपतोय मी यावर. आयकॉन, फाँट, सगळं माझ्या आवडीचं करून घेतलंय. आता थोडंच राहिलंय, होऊन जाऊ दे."

पद्मजा वाकलेलीच राहिली. तिने वर त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघतच नव्हता, त्याचे डोळे पट्टीवर होते. पट्टी सरकत होती, आणि त्याची पकड घट्ट होती.

"माझी आठ वर्षं पुसलीस, आणि तुला तुझा एक दिवस सोडवत नाही, देवदत्त," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने तिने बटण बंद केलं.

स्क्रीन काळा झाला. किती मोर उरले आणि किती त्या पट्टीखाली गेले, हे आता रिकव्हरीवालाच सांगणार होता. ती टेबलाखालून बाहेर आली, पदराने मनगट पुसलं आणि फोनवर एखाद्या रिकव्हरीवाल्याचा नंबर शोधायला लागली.

देवदत्त काळ्या स्क्रीनसमोर बसून होता.

"माझी सगळी मेहनत वाया गेली," तो म्हणाला.