साडीच्या दुकानातली चढाई

“काका, सुट्टीपुरती मला सेल्सगर्ल म्हणून ठेवता का?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून केतकीने विचारलं खरं, पण विचारता विचारताच तिला ती नोकरी मनापासून हवीशी वाटायला लागली. दहावीची परीक्षा संपली होती आणि शाळेच्या कबड्डी संघातली ही चढाईची राणी घरात बसून कंटाळली होती.

साडीच्या दुकानाचे मालक गालातल्या गालात हसले. “आत्ता आल्यात ना, त्या बाईंना एक साडी विकून दाखव. मग बघू.”

केतकीने धडाधड दहा साड्या उलगडल्या, तोंडाचा पट्टा सोडला. बाई उठल्याच. “नको गं बाई, पुन्हा येईन कधीतरी.”

दारातून मैत्रिणी खिदळल्या, “आउट!”

“आउट कसली? रिकामी चढाई आहे ही!” केतकी फणकारली. मग तिला कबड्डीच्या सरांचं ओरडणं आठवलं. तोंडाकडे काय बघतेस? पाय बघ, झडप घालायच्या आधी पाय वळतात!

बाईंनी एक चप्पल घातली होती. दुसरा पाय मात्र अजून जांभळ्या इरकलीकडेच वळलेला होता.

या खेपेला केतकी अवाक्षर बोलली नाही. तिने ती इरकल अलगद बाईंच्या खांद्यावर टाकली आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. बाई बघतच राहिल्या.

“हीच दे बांधून.”

घरी पोचताच केतकीने जाहीर केलं, “मम्मी, पप्पा, सायन्स कॅन्सल! मी कॉमर्स घेऊन विक्रीतच उतरणार. आणि उद्यापासून दहाला दुकानात हजर व्हायचंय, डबा लागेल!”